सातव्या मिनिटाला सोडलेलं पिल्लू

सतरा वर्षांत मला कुत्रं तीनदा चावलं आणि तिन्ही वेळा चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण जर्मनीत डार्मश्टाटमधल्या आपल्या मंडळींत मी 'कुत्र्यांची डॉक्टरीण' म्हणून प्रसिद्ध आहे आणि कुठल्याही बारशाला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अगं अलका, चावत नाहीत का तुला?" चावतात हो! पण चावणाऱ्या कुत्र्याची मला कधीच भीती वाटली नाही. ते बिचारं आधी गुरगुरतं, कान मागे घेतं, पुरेपूर नोटीस देतं. घाबरवतात ती कुत्री नव्हे, त्यांना घेऊन येणारी माणसं. त्यातही सगळ्यात जास्त आपली माणसं. कशी, ते आता निवृत्त झाल्यावर बिनधास्त लिहिते.

मी परभणीला पशुवैद्यकीची पदवी घेतली. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवलेली बाई मी! नवऱ्याला इथे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, म्हणून दोन हजार सालाच्या आसपास डार्मश्टाटला आले, आणि आल्याआल्या कळलं की माझ्या पदवीला इथे कोणी विचारत नाही. मग फ्राऊ डॉक्टर वेनिंगर या बाईंच्या प्राक्सिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, मदतनीस म्हणून लागले. पिंजरे धुवायचे, केस झाडायचे, कुत्रं धरायचं. दोन वर्षं मी नुसती धरत होते आणि सुई दुसरीच्या हातात. काय सांगू, बोटं अक्षरशः शिवशिवायची! ती कातडी मी जरा वर उचलली असती, तो कोन मी जरा कमी ठेवला असता, असं मनात चालायचं आणि तोंडाने मात्र "हो, फ्राऊ डॉक्टर."

मग एर्लाउबनिस मिळाली. हे आम्टचं, म्हणजे सरकारी कचेरीचं, परवानगीपत्र. मुदत दोन वर्षं. फ्राऊ डॉक्टर इमारतीत हजर असताना, त्यांच्या जबाबदारीवर, मी प्राणी तपासू शकते, लस देऊ शकते आणि लसीच्या पुस्तकात स्वतःची सही करू शकते. मुदत संपली की फ्राऊ डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा अर्ज. पत्र चांगलं नसेल तर पुन्हा पिंजरे. पहिली सही केली त्या दिवशी मी दुपारी नवऱ्याला ऑफिसात फोन करून ओरडले होते, "अहो, मी परत डॉक्टर झाले!" तो मीटिंगमध्ये होता आणि फोन स्पीकरवर होता. असो.

आल्झो, तर आता थोडं लसीबद्दल, कारण लोकांना वाटतं की टोचलं की झालं.

पिल्लाला जन्मल्यावर आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळतं. गंमत अशी की तेच संरक्षण लसीलाही मारून टाकतं. ते कधी उतरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून आठव्या आठवड्याला एक, बाराव्याला दुसरी, सोळाव्याला तिसरी, आणि वर्षाने पुन्हा, असं टप्प्याटप्प्याने जायचं. रेबीजची बाराव्या आठवड्याआधी नाही. मोठ्या कुत्र्याचं वेगळं. त्याचं जुनं पुस्तक बघायचं, कुठली लस किती वर्षं पुरते ते बघायचं, उगाच दरवर्षी सगळंच टोचत सुटायचं नाही. टोचण्याआधी नाकापासून शेपटीपर्यंत तपासायचं. ताप, हिरड्यांचा रंग, हृदय, पोट, शी कशी होते, जंताचं औषध झालं का. आजारी प्राण्याला लस द्यायची नाही, मग मालक कितीही चिडो. फ्रिजमधली कुपी हातात धरून जरा कोमट करायची, पूड आणि पाणी हळू मिसळायचं, मानेमागची सैल कातडी उचलायची, आणि बघता बघता झालंसुद्धा! कुपीवरचा नंबराचा कागद पुस्तकात चिकटवायचा, सही करायची.

आणि मग दोन गोष्टी ज्या फ्राऊ डॉक्टर देवासारख्या मानायच्या. एक, टोचण्याआधी विचारायचं, मागच्या लसीनंतर काय काय झालं? दोन, टोचल्यावर मालकाने प्राण्यासकट बाहेरच्या खोलीत अर्धा तास बसायचं. सक्तीने. क्वचित एखाद्या कुत्र्याला लसीची उलटी प्रतिक्रिया येते. तोंड सुजतं, ओकारी होते, रक्तदाब कोसळतो. लवकर कळलं तर वाचवता येतं, आणि बहुतेक वेळा ती पहिल्या अर्ध्या तासातच येते.

या अर्ध्या तासात मी काय काय पाहिलंय! एक दंडावर गोंदलेला धिप्पाड माणूस आपला रॉटवायलर घेऊन यायचा. कुत्रं ढिम्म बसायचं आणि सुई बघून हा साहेब दाणकन खाली! दुसऱ्या वर्षापासून आम्ही आधी मालकाला झोपवायचो आणि मग कुत्र्याला टोचायचो. तो अर्धा तास खरं तर त्यालाच लागायचा.

एकदा एक गृहस्थ गाडीच्या डिकीतून विकत घेतलेलं पिल्लू घेऊन आले. कुत्र्याचा निळा पासपोर्ट, शिक्के, सगळं चकाचक. वय बारा आठवडे, पहिली लस झालेली. मी तोंड उघडून पाहिलं तर दुधाच्या दाढा जेमतेम हिरडीतून डोकावत होत्या. कसले बारा आठवडे? सहा! वर ताप, आणि बुडाला पातळ शी चिकटलेली. मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "नाही." ते गृहस्थ लालबुंद झाले. पासपोर्ट टेबलावर आपटून म्हणाले, इथे लिहिलंय ना! मी म्हटलं, "कागदाने काहीही म्हणू दे, दाढा खोटं बोलत नाहीत." तपासणीत पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब, निघाला. आठवडाभर सलाईनवर ठेवलं आणि ते चिमुरडं वाचलं! मी तेव्हा इतकी फुगले होते की विचारू नका. परक्या देशात, परक्या भाषेत, तावातावाने बोलणाऱ्या माणसाला मी ठामपणे नाही म्हटलं होतं.

आपल्या माणसाला नाही म्हणायची वेळ मात्र त्यानंतर आली.

माझी मैत्रीण सुजाता इथे सॉफ्टवेअरमध्ये. तिचे आईवडील लातूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना आम्ही सगळेच काका म्हणायचो. उंच, ताठ, आवाज असा की मागच्या बाकावरचा पोरगा आपोआप सरळ बसेल. काकी बुटक्या, हसऱ्या, आणि काकांच्या निम्म्या आवाजात बोलणाऱ्या. सुजाताने त्याच सुमारास डाक्सहुंडचं पिल्लू घेतलं होतं. लांबलचक, आखूड पायांचं, तपकिरी. नाव क्र्यूमेल, म्हणजे पावाचा चुरा. काकांना ते नाव मान्य नव्हतं. ते त्याला 'रावसाहेब' म्हणायचे आणि तो काकांच्या मागे मागेच असायचा.

एप्रिलमधला शनिवार. गावात आपल्या मंडळींची बाबासाहेबांची जयंती. ब्युर्गरहाऊसचा, म्हणजे गावच्या समाजमंदिराचा, हॉल अकरा ते दोन मिळालेला. दोन म्हणजे दोन, दोन वाजता तिथला माणूस किल्ल्या घेऊन दारात उभा राहतो. पहिलं भाषण काकांचं. महिनाभर तयारी चालली होती. सुजाता सकाळपासून खुर्च्या मांडायला गेलेली, आणि रावसाहेबांची दुसरी लस नेमकी त्याच दिवशी सव्वादहाला. त्यामुळे काका-काकीच त्याला घेऊन आले. काका निळ्या सूटमध्ये, कागदांची गुंडाळी खिशात.

आत फ्राऊ डॉक्टर एका कुत्रीच्या ऑपरेशनमध्ये, आमची मदतनीस झाबिने त्यांच्या हाताशी. बाहेर मी एकटी. एर्लाउबनिस संपायला तीन महिने राहिले होते आणि पत्राची वाट मी चातकासारखी बघत होते. पण त्या सकाळी मनात दुसरंच होतं. आपली माणसं, आपल्या भाषेत, माझ्या दवाखान्यात! मला नुसतं उधाण आलं होतं. पांढरा कोट दोनदा झटकला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "वा! शोभतेस हं, डॉक्टर." माझ्या वडिलांनी कधी म्हटलं नव्हतं असं.

रावसाहेबांना तपासलं. ताप नाही, हिरड्या गुलाबी, पोट मऊ. आणि मग मी तो प्रश्न विचारला. जर्मन मालकाला मी कसं विचारते? यादी धरून. ओकारी झाली? तोंड सुजलं? किती झोपला? जेवला? एकेक. काकांना मात्र मी हसत हसत विचारलं, "मागच्या वेळी काही त्रास नाही ना झाला, काका?"

"छे छे! तुझ्या हाताने त्रास कसा होईल? एकदम उत्तम."

काकी म्हणाल्या, "अहो, त्या संध्याकाळी ते जरा..."

"थांब गं. तिला काम करू दे."

ऐकलं मी. दोन्ही कानांनी ऐकलं. 'काकी, जरा काय?' एवढंच विचारायचं होतं. पण काका ठीक म्हणत असताना काकींना वेगळं विचारायचं, म्हणजे त्यांना खोटं पाडायचं, हे माझ्या जिभेला जमलंच नाही. मी टोचलं. कागद चिकटवला. झोकात सही केली.

दहा वाजून अठ्ठावीस मिनिटं. ते दोघं बाहेर बसले. पस्तीसला काका दारात. "अलका, निघतो आम्ही. रावसाहेब झोपलेत बघ. अकराला सुरुवात आहे, आणि पहिलंच भाषण माझं."

"काका, अर्धा तास..."

"अगं, आपल्यात कसला आलाय नियम? घरचंच आहे हे."

आणि मी, रॉटवायलरच्या मालकाला बसवणारी, पासपोर्ट आपटणाऱ्याला नाही म्हणणारी मी, म्हटलं, "बरं काका. सावकाश जा."

सात मिनिटं! नंतर किती वेळा मोजली असतील ती.

मी टेबल पुसत होते, तोच काच वाजली. बाहेर काका. धावत आलेले! सत्तरीचा माणूस, सूटची बटणं उघडी, छातीशी पिल्लू धरलेलं. श्ट्रासेनबानच्या, म्हणजे ट्रामच्या, थांब्यापर्यंत गेले होते आणि तिथून उलटे पळत आले होते. मागून काकी, एका हातात काकांची निसटलेली चप्पल.

"बाई, बघ गं याला काय झालं!" काका ओरडले.

रावसाहेबांचं तोंड फुगून डबल झालेलं. डोळ्यांच्या फटी. काकांच्या सूटवर ओकारी, भाषणाच्या कागदांवर ओकारी. मी ओठ वर केला. हिरडी पांढरी. पाय लटपटत होते आणि मान एका बाजूला पडायला लागली होती.

त्या क्षणी माझ्यात काय शिरलं कोण जाणे. तातडीच्या औषधांचा लाल डबा, अ‍ॅड्रेनलीन, मांडीत टोचलं. मी ऑपरेशनच्या दारावर लाथ मारून ओरडले, "शॉक! पिल्लू!" आतून फ्राऊ डॉक्टर ओरडल्या, "पोट उघडं आहे, पाच मिनिटं! सुरू करा!" आता सलाईन. डाक्सहुंडचे पुढचे पाय म्हणजे वाकडे आणि बोटभर, त्यात रक्तदाब उतरलेला, शीर सापडतेय कुठे!

"काका, इथे अंगठा. कोपरावर. दाबा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम देणारा माणूस, पण त्याने अंगठा दाबला आणि तसाच धरून ठेवला. पहिल्यांदा सुई हुकली. दुसऱ्यांदा हुकली. काकी भिंतीला टेकून पुटपुटत होत्या, "मी सांगत होते हो. मागच्या वेळी पण तोंड सुजलं होतं त्याचं. मी सांगत होते." ते कानात शिरत होतं, पण तेव्हा आत ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्यांदा सुईच्या टोकाशी रक्ताचा थेंब आला! "काका, सोडा अंगठा!" सलाईन धो धो सोडलं, बाकीची इंजेक्शनं दिली, नाकाशी ऑक्सिजन धरला. मी हिरडीवर बोट दाबून बघत राहिले. पांढरी. पांढरी. मग जरा... मग गुलाबी! अगं आई गं, तो गुलाबी रंग! मी उभ्या उभ्या रडले आणि रडत रडत हसले. रावसाहेबांनी एक डोळा अर्धा उघडून काकांचा अंगठा चाटला, तेव्हा काकाही खाली बसले, फरशीवर, सूटसकट.

फ्राऊ डॉक्टर हातमोजे काढत आल्या. पिल्लू तपासलं, सलाईन बघितलं, माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! म्हणाल्या, "उत्तम काम. बघितलंत ना? म्हणूनच अर्धा तास बसवायचं."

मी काय म्हणाले? "गेनाऊ, फ्राऊ डॉक्टर." म्हणजे अगदी बरोबर, जणू मी त्यांना बसवलंच होतं. झालं. बोलून गेले.

हॉलमध्ये काकांचं भाषण दुसऱ्या कोणीतरी केलं. काका संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यापाशी बसून होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "अलका, मागची सूज मी सांगितली नाही. तुला वाईट वाटेल, आपल्याच पोरीच्या हाताला नावं कशी ठेवायची, असं वाटलं. मूर्खपणा झाला. पण आता एक कर. आम्ही लवकर निघालो हे कोणाला सांगू नकोस. आम्हीही सांगणार नाही. तुझ्या कागदाचं बघ आधी."

माझ्या भल्यासाठीच म्हणत होते. आणि मी अख्खा रविवार तेच धरून बसले. रावसाहेब तर वाचले, मग? तीन महिन्यांत पत्र हवं होतं. परत पिंजरे नको होते मला. नवरा म्हणाला, "तू ठरव, पण दोन दिवस जेवली नाहीस तू." सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले आणि क्र्यूमेलच्या कार्टायवर, म्हणजे त्याच्या नोंदीच्या कार्डावर, लिहिलं: मालकाला आधीच्या प्रतिक्रियेबद्दल यादीप्रमाणे विचारलं नाही. सोबतच्या बाई सांगत होत्या, त्यांचं पूर्ण ऐकलं नाही. सातव्या मिनिटाला सोडलं. चूक माझी. खाली सही केली आणि कार्ड फ्राऊ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. दोनदा. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तीन महिने सुई नाही. कुत्रं धरायचं." आणि पुढच्या खोलीत गेल्या.

धरलं. तीन महिने धरलं. क्र्यूमेलची पुढची लसही मीच धरून दिली, फ्राऊ डॉक्टरांच्या हाताने. या वेळी दुसऱ्या कंपनीची, एका वेळी एकच, आधी औषध देऊन, आणि नंतर चांगले दोन तास बसवून. काही झालं नाही. मधल्या काळात मी प्रश्नांची यादी मराठीत लिहून काढली. आपल्या माणसांना 'सगळं ठीक ना?' असं आजन्म विचारायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं. कारण त्यावर आपण सगळे 'हो'च म्हणतो. 'तोंड सुजलं होतं का?' असं थेट विचारलं की सांगतात, आणि घरातल्या सगळ्यात हळू बोलणाऱ्या माणसाला आधी विचारलं की सगळंच सांगतात.

मुदत संपायच्या आठवड्यात फ्राऊ डॉक्टरांनी बंद पाकीट दिलं. उघडायची हिंमत झाली नाही. तसंच आम्टला घेऊन गेले. काचेमागे चष्मा लावलेला एक गृहस्थ. त्याने पाकीट फाडलं, वाचायला लागला, भुवया वर गेल्या. मग त्याने एक परिच्छेद मला मोठ्याने वाचून दाखवला, जणू मला तो ऐकायलाच हवा होता:

"त्यांच्याकडून एक गंभीर चूक झाली. ती मला केवळ त्यांनी स्वतः लिहून दिली म्हणून कळली. माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात मीही चुका केल्या आहेत, आणि त्यातल्या काही मी कुठेच लिहिलेल्या नाहीत. माझ्या कुत्र्याला लस द्यायची झाली तर ती मी याच बाईंकडून घेईन."

मला काही दिसेना. समोरची काच, तो माणूस, सगळं पाण्यात बुडालेलं. त्याने शिक्का उचलला आणि हवेतच थांबवला.

"आणि ते पिल्लू?" त्याने विचारलं.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "आता मला बघितलं की भुंकतं."

त्याने शिक्का मारला.